वैजूच्या हाताचं कुंकू

दसऱ्याच्या दिवशी दुपारी मी व्हरांड्यात बसून आपट्याची पानं निवडत होतो. किडलेली बाजूला, चांगली परातीत. माझी बायको वैजयंता सकाळची पूजा आटपून सायकलवर सांगलीला बहिणीकडे सोनं द्यायला गेली होती. पुऱ्यांचं तेल तुम्ही तापवू नका, मी आल्यावर करते, असं सांगून गेली होती.

फोनवर बारीक आवाज झाला. मी चष्मा लावून वाचलं.

"अपघात निवाडा. सहभागी एक: चारचाकी, स्वयंचलित. सहभागी दोन: सायकल. सायकलस्वार: वैजयंता सर्जेराव हंकारे (मृत). दोष: सायकलस्वार ८३ टक्के, वाहन १७ टक्के. निवाडा मान्य असल्यास खालचं बटण दाबा."

मी ते पुन्हा वाचलं. मला वाटलं, कुणीतरी चावटपणा केलाय. मग वैजूला फोन लावला. तो दवाखान्यातल्या एका नर्सनं उचलला आणि विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?"

माझी बायको गेली हे मला आधी यंत्राकडून कळलं. त्यात तिच्या नावापुढे तिचा दोष किती, तेही होतं. रडायच्या आधीच मी ती टक्केवारी वाचलेली होती. हे मी कुणाला समजावून सांगू शकत नाही.

दवाखान्यात बाकावर नंदूभाऊ दानोळे बसले होते. आमच्या समोरच्या घरातले. कपाळाला सकाळचं कुंकू तसंच, नव्या सदऱ्याला रक्त. मी जवळ गेलो तसे ते उठले.

"सर्जेराव, मी चालवत नव्हतो ओ. गाडीच चालवत होती. मी नुसता बसलो होतो."

"तुमची गाडी?"

"माझीच. आपल्या कॉलनीच्या कोपऱ्यावर झालं. भिंतीपाशी. गाडीनंच इकडं आणलं मग. मी फोन करणार होतो तुम्हाला. हात उठला नाही."

त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. तो मी बाजूला केला नाही. केला असता तर मी खाली पडलो असतो.

*

पंच काय आहे हे आता पोरांनाही माहीत आहे, तरी सांगतो. रस्त्यावरची प्रत्येक मोटार स्वतःभोवतीचं सगळं टिपत असते. कॅमेऱ्यानं बघते, रडारनं चाचपते आणि रेडिओवरून बाकीच्या गाड्यांना आपली जागा कळवत राहते. सायकलला कॅमेरा परवडत नाही, म्हणून सरकारनं सायकलींसाठी बिल्ल्याएवढी एक चकती फुकट वाटली. ती हँडलवर बसवायची. 'मी इथं आहे, मी इथं आहे' एवढंच ती सारखं सांगत असते. लोक तिला टिकली म्हणतात.

धडक झाली की आसपासच्या सगळ्या गाड्यांकडची, खांबांवरच्या कॅमेऱ्यांची आणि टिकलीची शेवटच्या अर्ध्या मिनिटाची नोंद एका यंत्रणेकडे जाते. ती त्यातून अपघात परत जुळवते, अगदी सिनेमासारखा, आणि कुणाचा दोष किती ते ठरवते. कागदावर तिचं नाव मोठं आहे. लोकांनी पंच म्हटलं आणि तेच राहिलं. पूर्वी अपघाताच्या केसला वर्षं लागायची. पंचाला चहा गार व्हायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही. लोकांना ते आवडलं. मलाही आवडलं होतं. मी एस.टी.त ड्रायव्हर होतो. गाड्या आपल्याआपण चालायला लागल्या तेव्हा आम्हाला लवकर घरी बसवलं, पण पंच आला तेव्हा मी म्हटलं होतं, बरं झालं, आता साक्षीदार विकत घ्यायची सोय राहिली नाही.

तेरावं झाल्यावर आमची मुलगी सानिकानं पंचानं जुळवलेली फिल्म लावली. ती पुण्याला नोकरीला आहे. मी नको म्हणत होतो.

"पप्पा, बघायला पाहिजे. बघितल्याशिवाय हरकत घेता येत नाही."

फिल्ममध्ये माणसांना चेहरे नसतात. राखाडी बाहुली असते. आमच्या कॉलनीचा कोपरा होता, भिंत होती, डीपी होती. मोठ्या रस्त्यानं राखाडी बाहुली सायकलवरून आली, न थांबता, मान न वळवता आत वळली, आणि कॉलनीतून निघालेल्या गाडीपुढे गेली.

मी म्हणालो, "ही तुझी आई नव्हे."

"पप्पा, त्यात चेहरा नसतोच."

"चेहऱ्याचं नाही म्हणत मी. ही वळली कशी सायकलवरून?"

सानिकानं फिल्म थांबवली. तिलाही तेव्हा ते दिसलं.

वैजूला सायकल मी शिकवली, चाळिशीत, डेपोच्या मागच्या मैदानात. पहिल्याच महिन्यात एका वळणावर ती गटारात पडली. तेव्हापासून वळण आलं की ती खाली उतरायची. सायकल हातात धरून, इकडं तिकडं बघून, चालत वळण पार करायची आणि मग परत बसायची. कॉलनीतली पोरं चिडवायची, "काकू, तुम्ही सायकल नेताय का सायकल तुम्हाला नेतेय?" ती म्हणायची, "आम्ही दोघी एकमेकींना सांभाळून नेतो, तुझ्या बापाला काय त्रास?" एवढ्या वर्षांत ती एकदाही सायकलवर बसून वळली नाही. कितीही ऊन असो, डोक्यावर पाऊस असो.

"बटण दाबायचं नाही," सानिका म्हणाली. "मान्य नाही आपल्याला."

"नाही," मी म्हणालो.

*

सायकलस्वारांसाठी फुकट कायद्याची मदत देणारं केंद्र मिरजेत मार्केटच्या मागे आहे. आधी तिथं सायकलचं दुकान होतं. छताला टायर टांगायचे हूक तसेच आहेत. वकील एकच, नसीमा जमादार. वय असेल पस्तीस-छत्तीस. डाव्या पायानं लंगडते. तिनं आधी चहा मागवला.

"काका, इथं येणाऱ्याला मी चहा देते आणि मग सांगते की आपण बहुतेक हरणार. चहा आधी द्यायचा, कारण नंतर कुणी पीत नाही."

मी चहा पिऊन टाकला आणि म्हणालो, "आता सांगा."

तिनं वैजूच्या अपघाताची नोंद लावली. वेळेची एक रेघ होती. त्यावर हिरव्या पट्ट्या म्हणजे कुणीतरी प्रत्यक्ष बघितलेलं. शेवटी शेवटी हिरवी पट्टी तुटली होती आणि करडी सुरू झाली होती.

"ही करडी जागा बघा. इथं कुणीच काही बघितलेलं नाही. खांबावरच्या कॅमेऱ्याला भिंत आडवी येते. टिकलीचा आवाज आधीपासूनच क्षीण होता, इथं तो पार बंद. आणि गाडीला शेवटच्या क्षणापर्यंत पुढं काहीच दिसलं नाही. मग पंचानं काय केलं? जागा भरली."

"भरली म्हणजे?"

"जुना फोटो फाटला की फोटोग्राफर फाटलेला भाग रंगवून देतो ना? त्याला तुमच्या आजोबांचा कान माहीत नसतो. तो कुणाचाही कान काढतो. पंचानं लाखो सायकलवाल्यांची वळणं बघितली आहेत. त्यातला सरासरी सायकलवाला त्यानं तिथं बसवला. आणि वर एक हिशेब केला. बाई चालत, सावकाश आल्या असत्या तर गाडीला दिसल्या असत्या. गाडीला दिसल्या नाहीत, म्हणजे त्या अचानक आल्या. म्हणून दोष त्यांचा."

"गाडी चुकली असेल हे नाही येत त्याच्या डोक्यात?"

"गाडी स्वतःला तपासते. मी ठीक आहे, असं तिनं कळवलेलं आहे. यंत्रानं सांगितलेलं यंत्र मानतं." तिनं करड्या पट्टीवर बोट ठेवलं. "आणि एक आहे, काका. हा निवाडा असाच राहिला तर पंच तो शिकतो. पुढच्या वेळी त्या कोपऱ्यावर कुणी गेलं की ही बाहुली तयारच असेल. अजून थोडी बेफिकीर."

मी विचारलं, "मग काय करायचं?"

"गाडी आंधळी होती हे दाखवायचं. मी चार वर्षं एकच प्रश्न विचारतेय. आंधळी गाडी जागची हललीच कशी? पण आंधळी होती हे दाखवता आलं तर ना." मग तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "दसरा होता. गाडीची पूजा झाली होती का?"

माझ्या हातातला कप रिकामा होता, तरी तो मी खाली ठेवू शकलो नाही.

पूजा वैजूनंच केली होती.

याला कारण मी आहे. एस.टी.त माझ्या हातून कधी अपघात झाला नाही. साधा आरशाला आरसा घासला असंही नाही. डेपोत त्याबद्दल सत्कार झाला, पेपरात बारीक बातमी आली. कॉलनीतल्या बायकांनी ठरवलं की हे वैजूच्या हाताचं आहे, कारण दर दसऱ्याला माझ्या बसला कुंकू तीच लावायला यायची. तेव्हापासून कुणी नवी गाडी घेतली की तिला बोलवायचे. वैजूचा हात लागला की गाडीला धक्का लागत नाही. ती हसायची, पण जायची. नंदूभाऊंची गाडी नवी होती. त्या सकाळी पद्मावहिनी स्वतः आल्या होत्या बोलवायला. वैजूनं पाच बोटांनी हळद-कुंकू लावलं, झेंडूची जाड माळ पुढच्या बाजूला आडवी बांधली, वर पाणी शिंपडलं. नारळ मी फोडला. घरी येऊन तिनं आपल्या सायकललाही तशीच माळ गुंडाळली, हँडलभर.

नसीमाबाईंनी हे सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"झेंडूच्या ताज्या फुलात पाणीच जास्त असतं. रडारच्या लहरी पाण्यात मरतात. पुढच्या बाजूला जिथं कंपनीचं चिन्ह असतं त्यामागे रडार असतं. त्यावर ओली माळ म्हणजे त्याच्यापुढे पाण्याची भिंत. टिकलीचंही तेच. दोघं एकमेकांना दिसेनात, ऐकू येईनात."

"कॅमेरा होता की."

"काचेतला कॅमेरा लांबचं बघतो. अगदी जवळचं, बॉनेटखालचं बघायला चिन्हाच्या खाली एक बारका कॅमेरा असतो. चण्याएवढा. नीट बघितला नाही तर स्क्रूच वाटतो. कुंकू कुठं लावलं होतं त्यांनी?"

मला आठवत नव्हतं. मी आयुष्यभर बसच्या काचेपुढे हार लोंबू दिला नाही. ड्रायव्हरला दिसलं पाहिजे. पण गाडीला डोळे कुठं असतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं, वैजूलाही नाही.

"फोटो काढला असेल ना त्या लोकांनी?" नसीमाबाई म्हणाल्या. "नव्या गाडीचा काढतातच."

*

नंदूभाऊ दार उघडून बाजूला झाले. पद्मावहिनी आत होत्या. मला बघून त्यांनी पदर तोंडाला लावला.

"बसा की," नंदूभाऊ म्हणाले.

"बसत नाही. त्या दिवशीचा फोटो पाहिजे. पूजेचा."

वहिनीच बोलल्या, "द्या ओ. काय राहिलंय आता."

"तू गप्प बस."

"मी गप्पच बसलेय दसऱ्यापासून."

मग नंदूभाऊ खुर्चीत बसले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "सर्जेराव, गाडी बोलली होती."

"म्हणजे?"

"निघताना. पडद्यावर आलं, पुढच्या कॅमेऱ्याची काच अस्वच्छ आहे, पुसून घ्या. मी रुमाल काढला होता. खरंच काढला होता. ही म्हणाली, वैजूच्या हाताचं कुंकू आहे, आज पुसू नका. पुसतात का कुणी त्या दिवशी? उद्या धुऊ. मग मी खाली 'पुढे चला' होतं ते दाबलं. दाबल्यावर ते मिटलं. गाडी निघाली."

वहिनी रडायला लागल्या. "मी चांगल्यासाठी म्हटलं, भावजी. तिच्या हातावर विश्वास होता माझा."

मी तिथं उभा होतो. समोरच्या खिडकीतून आमचं घर दिसत होतं. वैजूनं वाळत घातलेली पोती अजून गच्चीवर होती. मला त्या दोघांवर ओरडायचं होतं आणि ओरडायला काही सापडत नव्हतं. कुंकू मीही पुसलं नसतं.

"हे कोर्टात सांगा, नंदूभाऊ."

"फोटो घेऊन जा. पण ते नको. 'पुढे चला' दाबणाऱ्यावर गुन्हा लागतो. मी आत जाईन. या वयात."

"ती कुठं गेली, या वयात?"

त्यांनी फोन उचलून फोटो तेवढा लगेच पाठवला.

फोटोत गाडी पांढरी आहे. वैजू वाकली आहे आणि कॅमेऱ्याकडे बघून हसते आहे. उजव्या हाताचं बोट चिन्हाच्या बरोबर खाली टेकलेलं आहे. मी फोटो मोठा करून बघितला. स्क्रूसारखं जे काही असतं, तिथंच.

*

सानिकाला सुट्टी नव्हती, तरी ती आली. केंद्रात आम्ही तिघं बसलो. नसीमाबाईंनी फोटो बराच वेळ बघितला.

"हा दिला तर बाहुली जाते. गाडी आंधळी होती हे दिसतंय. मग त्या अचानक आल्या असं म्हणायला पंचाकडे काही उरत नाही."

सानिकानं विचारलं, "मग तुम्ही खूश का नाही?"

"कारण पंच पुढचा प्रश्न विचारेल. गाडी आंधळी कुणी केली?"

भिंतीपलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज येत होता.

"नंदूभाऊंनी दाबलं ना," मी म्हणालो. "गाडीनं सांगूनही दाबलं."

"नोंद अर्ध्या मिनिटाची. त्यांनी दाबलं फाटकाच्या आत, त्याच्या आधी. आधीची नोंद कंपनीकडे असते आणि कंपनी म्हणते ते आमचं गुपित आहे. त्यांनी स्वतः सांगितलं तरच धरतील. तुम्ही सांगितलंत तर ते ऐकीव."

"मग नको," सानिका म्हणाली. "नकोच द्यायला. निदान आता ती बेफिकीर होती एवढंच आहे. हा फोटो दिला तर आईनं स्वतःच्या हातानं... पप्पा, लोक काय म्हणतील? आजवर तिच्या हाताला चांगलं म्हणत आले."

"लोकांचं सोड."

"नाही सोडणार! माझी आई आहे ती. मी जन्मभर काय सांगू, तिनंच त्या गाडीचे डोळे झाकले?"

"ती बाहुली तुझी आई नाही, सानिका. ती बाहुली तिच्या नावावर राहिली तर मला चालणार नाही. ती वळणाला उतरायची. मीच शिकवलं होतं तिला. उतरायचीच."

"म्हणजे तुमच्या शिकवण्यासाठी?"

हे ती बोलली आणि मग तोंड फिरवून बसली. ती चूक म्हणत होती असं नाही.

नसीमाबाई म्हणाल्या, "काका, मला विचाराल तर मला हा फोटो पाहिजे. माझ्या प्रश्नासाठी पाहिजे. कुंकवानं आंधळी झालेली गाडी थांबायला हवी होती, हे विचारायला यापेक्षा चांगलं दुसरं काही मिळणार नाही मला. पण तो माझा स्वार्थ आहे. हे तुम्हाला माहीत असू दे."

"तुम्ही जिंकाल?"

"नाही. पण विचारता येईल."

मी फोटो द्यायला सांगितला. सानिका त्याच संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला परत गेली. जाताना पाया पडली, पण बोलली नाही.

*

पंचाचा सुधारित निवाडा फोनवर तसाच बारीक आवाज करून आला. या वेळी मी बसूनच होतो.

"सुधारित दोष: सायकलस्वार ९१ टक्के. कारण: वाहनाच्या दृष्टीत व सायकलच्या संदेशात अडथळा निर्माण करणारी व्यक्ती आणि मृत सायकलस्वार एकच."

खाली नवी फिल्म होती. मी ती एकट्यानं लावली.

राखाडी बाहुली मोठ्या रस्त्यानं आली. कोपऱ्याच्या जरा आधी वेग कमी झाला. डावा पाय आधी जमिनीला लागला, मग ती उतरली. सायकल हातात घेतली. भिंतीपाशी थांबून तिनं उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, परत उजवीकडे. मग ती चालायला लागली, हँडल जरा वाकडं धरून. वैजू तसंच धरायची. पंचाला हे कुणी सांगितलं नव्हतं. गाडी आंधळी होती एवढं कळल्यावर, वैजू जिथं पडली, सायकल जशी पडली, त्यावरून दुसरं काही जुळतच नव्हतं, असं नसीमाबाईंनी नंतर समजावलं.

भिंतीमागून गाडी आली. मी तिथं फिल्म बंद केली. पुढचं मी अजून बघितलेलं नाही.

म्हणजे पंचाला आता खरं माहीत आहे. ती कशी आली, कशी उतरली, कशी थांबली, सगळं बरोबर. आणि दोष आधीपेक्षा जास्त आहे.

मी ती फिल्म सानिकाला पाठवली. बंद केली तिथपर्यंतचीच. तिचा बऱ्याच वेळानं निरोप आला: "हो पप्पा. हीच." त्यापुढे काही नव्हतं. ती आता महिन्यातून एकदा फोन करते. गोळ्या घेता का, एवढं विचारते. दसऱ्याचा विषय आम्ही काढत नाही.

*

पुढचा दसरा आला त्याच्या आधी सगळ्या गाड्यांत कंपन्यांनी नवी सोय घातली. सण जवळ आला की पडद्यावर सूचना येते. गाडीला हार, गंध, कुंकू लावणाऱ्या व्यक्तीनं पडद्यावर अंगठा ठेवावा. अंगठा ठेवला की होणाऱ्या अपघाताची जबाबदारी त्या व्यक्तीची. अंगठा दिला की गाडी चालते. माळ रडारवर असली तरी चालते.

नसीमाबाईंनी मला ती सूचना दाखवली आणि म्हणाल्या, "बघा, माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं त्यांनी." त्या हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हाच बघितलं आणि बरं वाटलं नाही.

आमच्या कॉलनीत त्या दिवशी बायका कुणीच गाडीजवळ आल्या नाहीत. पुरुषांनीच नारळ फोडले आणि हार गाडीऐवजी फाटकाला बांधले. एका घरी सुनेनं कुंकवाचं बोट पुढे केलं, तसा सासरा ओरडला, "अगं, अंगठा मागेल ते!" सगळे हसले. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसणं थांबलं.

नंदूभाऊंची गाडी फाटकात उभी होती. धुतलेली, कोरडी. संध्याकाळी ते सोनं द्यायला आले. मी घेतलं. न घेण्याएवढी ताकद माझ्यात नव्हती. ते खाली बघत म्हणाले, "सर्जेराव, धाकट्याचं लग्न ठरलंय. एवढं कार्य पार पडू दे. मग मी जातो त्या बाईंकडे."

त्याआधी ते म्हणाले होते, दिवाळी होऊ दे. त्याआधी म्हणाले होते, डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे.

लग्न झालं. मी अक्षता टाकून जेवून आलो. पद्मावहिनींनी पंगतीत मला आग्रह करून वाढलं आणि डोळे पुसत आत गेल्या.

केस वरच्या कोर्टात गेली आहे. तारीख लागते आणि पुढे जाते. नसीमाबाई सायकलवरच कोर्टात जातात, टिकली हँडलच्या वर उघडी ठेवून. त्या म्हणतात, माझ्यानंतर हा प्रश्न विचारायला कुणीतरी पाहिजे, पण या केंद्रात यायला नवे वकील तयार नाहीत. मी आठवड्यातून दोनदा तिथं जातो. चहा आणायचं काम माझ्याकडे आहे. नवीन माणूस आला की मी आधी चहा देतो.

वैजूची सायकल पोलिसांकडून परत मिळाली. हँडलला माळेचा दोरा तसाच आहे, फुलं गळून गेली आहेत. टिकली चालू आहे. मी तिच्यावरची धूळ पुसतो.

नंदूभाऊंनी त्या दिवशी 'पुढे चला' दाबलं होतं. ते अजून कुठंही नोंदलेलं नाही.